डोलवीच्या गेटवर
मशीनवर तापलेल्या तेलाचा वास आला की मला इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आठवतं. सरकारी विद्यापीठात जागा मिळाली होती, पण वर्कशॉपमध्ये माझा जीव रमत नव्हता. शिक्षण सोडायचं ठरवून मी रोह्याहून गाडी धरली आणि पेणला घरी आले. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना तूच सांग गो." वडील डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामगार होते. दुसऱ्या दिवशी मी काही सांगायच्या आतच त्यांनी मला स्कूटरवर बसवून कंपनीच्या गेटवर नेलं. शिफ्ट सुटत होती. धुळीने माखलेल्या सोबत्यांना थांबवून ते सांगत होते, "ही माजी पोर. इंजिनेर व्हतेय." सगळे कौतुकाने बघत होते. परतताना रामवाडीजवळ त्यांनी स्कूटर बाजूला घेतली. "तुजं मन नाय तिकडं, आयनं सांगितलंय मना," ते समोर बघतच बोलले, "पन आता सगल्यांना बोलून बसलोय. काढशील ना गो उरलेली वरसं?" मी "व्हय" म्हटलं. पुढे पास झाले, नोकरीही लागली. आता वडील घरीच असतात. पोरीने स्वतःच्या आवडीने हे शिक्षण घेतलं, असं ते पाहुण्यांना सांगतात, आणि मी शेजारी बसून ऐकते.