पास्कलने भट्टी विझू दिली नाही

दोन वर्षं मी पास्कलशी एक शब्द बोललो नाही.

आणि त्याच दोन वर्षांत दर रविवारी त्याच्या पुढ्यात उभा राहून फुटबॉल खेळलो.

काल दुपारी पास्कल गेला. उत्तनला, स्वतःच्या घरात. नव्वदीला टेकला होता.

टाईप नात करतेय. मी सांगतोय.

सत्तरच्या दशकातलं भाईंदर. आम्ही दोघं काचेच्या कारखान्यात, एकाच भट्टीवर.

रविवारी नवघरच्या कापणी झालेल्या शेतात लोकल लीग. आमची टीम व्हेटरन्सची. नियम असा की पस्तिशी पार हवी. मी तेहतीसचाच, पण टक्कल पडलेलं, म्हणून खपून गेलो.

पास्कल गोलकीपर. मी फुलबॅक.

मग संप झाला.

आम्ही सगळे गेटबाहेर. तिसऱ्या दिवशी पास्कल एकटा आत गेला.

काचेची भट्टी विझली की आतली काच गोठते, भट्टीला तडे जातात. मग संप जिंकूनही काम कुणालाच उरलं नसतं. तो फक्त भट्टी तापती ठेवत होता. एक बाटलीसुद्धा काढत नव्हता.

गेटवर हे समजावून सांगू शकणारा दुसरा माणूस मीच होतो.

सगळे त्याला फितूर म्हणाले.

मीही म्हणालो.

संप मिटला. भट्टी शाबूत होती, म्हणून आठवड्याभरात सगळे कामावर. पण जेवणाच्या सुट्टीत पास्कलशेजारी कुणी बसेना.

टीममधून काढलं नाही, कारण दुसरा गोलकीपर नव्हता. बस, एवढंच कारण.

मॅचमध्ये तो मागून सांगायचा, डावीकडे सरक, बॉल सोड. मी ऐकायचो. उत्तर द्यायचो नाही.

मग ती सेमीफायनल, काशीमीऱ्याच्या टीमबरोबर. एक-एक बरोबरी, शेवटची पाच मिनिटं. त्यांच्या फॉरवर्डला अडवायला गेलो आणि पाय मोडला. हाडाचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

रेफ्रीने शिट्टी मारली नव्हती. बॉल अजून खेळात होता.

पास्कल गोल सोडून माझ्याकडे धावत आला.

मागे रिकाम्या गोलमध्ये बॉल गेला. हरलो.

कॅप्टन त्याला नको नको ते बोलला. पास्कल माझ्या पायाला फळी बांधत होता. त्याने वर पाहिलंही नाही.

टेम्पोतून दवाखान्यात नेताना माझा मोडका पाय त्याच्या मांडीवर होता.

मी म्हणालो, "पास्कल, भट्टीचं मला माहीत होतं."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "तू पण भट्टीवरच होतास ना."

मग तो नुसता पाय धरून बसला, हिसके बसू नयेत म्हणून.

त्यानंतर पन्नास वर्षांची दोस्ती. त्याच्या मुलीच्या लग्नात मी अंगणात बसून दोन गोणी कांदे सोललेत.

पण चारचौघांत ती गोष्ट मी कधीच बोललो नाही. त्यानेही कधी सांग म्हटलं नाही.

गेटवर होते त्यातलं आता कुणी उरलं नाही. त्यांची मुलं-नातवंडं या ग्रुपवर आहेत. घरी तुम्ही ऐकलं असेल, पास्कल फुटला होता.

तो फुटला नव्हता. तुमच्या घरची चूल त्या माणसामुळे पेटती राहिली.

हे मी तेव्हाच, गेटवर सांगायला हवं होतं.

फार उशीर केला रे पास्कल. माफ कर.

नीट जा, गड्या.