योगीराजांची मंगलाष्टके

सोनपेठच्या बसस्थानकासमोर बन्सीधरचे फोटोचे दुकान आहे. ज्या हातांनी पंचक्रोशीतल्या किती वधूंचे पदर आणि किती बापांचे भरलेले डोळे टिपले, ते हात आता पासपोर्टचे फोटो कापतात. लग्ने मोबाइलवाली मुले टिपतात. बन्सीधरचा कॅमकॉर्डर कपाटात निजलेला असतो. कोणी जुनी कॅसेट घेऊन आले, तरच तो जागा होतो. कीर्तनाला निघताना एसटीची वाट मी त्याच्याच बाकावर बसून पाहतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत घडले.

त्या दुपारी राणीसावरगावच्या कमलबाई आल्या. पदराआड एक कॅसेट. नणंदेच्या लग्नाची, बन्सीधरनेच टिपलेली. त्या लग्नात त्यांचे यजमान योगीराज यांनी बहिणीसाठी स्वतः मंगलाष्टके म्हटली होती. पुढे वर्षाच्या आत ते गेले. लेक अर्पिता तेव्हा मांडीवर होती. आता अर्पिताचेच लग्न ठरले आहे, आणि अंतरपाटापाशी तिच्या बापाचा आवाज लागावा, एवढे एकच या माउलीचे मागणे! घरातल्या सीडीत मंगलाष्टकांवर बन्सीधरने सिनेमाचे गाणे चढवले होते. मूळ कॅसेटवर तरी तो आवाज असेल, ही आशा.

"भाऊ, त्या लग्नात वऱ्हाडाच्या ताटातली जिलबीबी सोडली न्हाई तुमी. मग ह्यांचा आवाज तर घेतलाच असंल की!"

"जिलबी लय गोड होती, वहिनी, म्हणून दोनदा घेतली," म्हणत बन्सीधरने कॅमकॉर्डर वायरीने कॉम्प्युटरला जोडला. कॅसेट जितका वेळ फिरते, तितकाच वेळ ती उतरायला लागतो. देवाच्या दारी आणि या यंत्रापाशी घाई चालत नाही.

पडद्यावर मंडप उजळला. पांढरा फेटा, मिटलेले डोळे, कानावर हात. योगीराज! गळ्याची शीर ताणलेली, ओठ हलत होते. आवाज मात्र नव्हता.

"वायर ढिली असंल." त्याने वायर बदलली. कॅमकॉर्डरला कान लावला. आणि मग त्याचे हात थांबले.

"वहिनी... माइकच्या भोकात मी रिकामी पिन खुपसून ठेवायचो, की कॅमेऱ्याचा माइक बंद पडतो. बँडचा गोंगाट नको म्हणून. गाणी तर नंतर वरूनच टाकायची असायची."

"म्हंजी?"

"आवाज कॅसेटवर उतरलाच न्हाई. कुठंच न्हाई."

"पुढं असंल. चालू राहू द्या."

पुढे नाही, हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने बंद केले नाही. आम्ही कीर्तनात गळा फोडून सांगतो, नाद हेच ब्रह्म. येथे रूप आले, नाद आला नाही. आणि त्या बाईसाठी माझ्या झोळीतून एक ओवीसुद्धा निघाली नाही. माझी एसटी आली, निघून गेली.

योगीराजांच्या ओठांबरोबर कमलबाईंचे ओठ हलू लागले. एका ठिकाणी त्यांचा हात अक्षता टाकाव्यात तसा उचलला गेला.

"आता सावधान म्हणाले," त्या पुटपुटल्या.

कॅसेट संपली. मान खाली घालून बन्सीधरने विचारले, "पेनड्राइव्हात टाकू का, वहिनी? का राहू द्यायचं?"

"टाका."

कॅसेट पदराआड घेऊन त्या पायरी उतरल्या, आणि वळल्या.

"भाऊ, पण ह्याच्यावर गाणं घालू नका."