अण्णांचा गिलास

बदनापूरच्या स्टेशनावर गाडी थांबते न थांबते तोच निघते, त्यामुळे निरोपाला तिथं फारशी सोय नाही. परदेशी न्यायच्या माझ्या दोन जाड बॅगा, धपाट्यांचा डबा, ठेच्याची बाटली आणि आईच्या सूचना, हे सगळं एकाच वेळी डब्यात चढवायचं होतं. आई म्हणत होती, "इमानात दिलेलं काही खाऊ नको, कधीचं असतं काय माहीत." अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळपासून बॅगांच्या दोऱ्या आवळत होते. गाडी लांबून दिसायला लागली तेव्हा त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून आपला स्टीलचा गिलास काढला आणि माझ्या पर्समध्ये कोंबला.

"अण्णा, तिकडं काय गिलास मिळत न्हाईत का?"

"मिळत असतील. आपला संग असलेला बरा," ते म्हणाले. मग गाडी आली आणि आई रडायला लागली, आणि मला गिलासाचं पुढं काही विचारता आलं नाही.

विचारायची तशी गरजही नव्हती. त्या गिलासाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. अण्णा आरोग्य खात्यात मलेरियाचे कर्मचारी होते. केदारखेडा आणि आसपासची गावं त्यांच्याकडं. सायकलवर हिंडायचं, घरोघर ताप कुणाला आला विचारायचं, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि दाराशेजारच्या भिंतीवर भेटीची तारीख लिहायची. ताप आलेल्या माणसाला अण्णांचा हात चालायचा. पाण्याची गोष्ट निराळी. आम्ही बौद्ध. आजोबांनी जुना धर्म सोडून जमाना झाला होता, पण काही घरांच्या ध्यानात ते राहत नव्हतं. कुणी वरून ओंजळीत पाणी ओतायचं, कुणी ओसरीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप खास अण्णांसाठी ठेवलेला. अण्णा तिथं आपला गिलास पुढं करायचे. "यात वता, माझा गिलास हाये." समोरच्यालाही बरं वाटायचं आणि अण्णांनाही तो कप उचलावा लागायचा नाही. हे ते हसत हसत सांगायचे. "ताप काय जात इचारून येत न्हाई," म्हणायचे, "पाणी येतं." आई मात्र ही गोष्ट निघाली की चुलीपुढं जाऊन भांडी आदळायची.

मी बर्मिंगहॅमला शिकायला गेले आणि शिकून झाल्यावर तिथंच एका संशोधनाच्या कामाला लागले. शहराच्या एका भागात जन्मलेली मुलं कशी वाढतात, त्यांचं वजन, उंची, खाणं, घरातली ओल, छातीतली घरघर, सगळं वर्षानुवर्षं बघत राहायचं असं ते काम. गंमत बघा, एवढे समुद्र ओलांडून गेले आणि पोट भरायला धंदा तोच निघाला, घरोघर जाऊन दार वाजवायचा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे बापाचंच काम. मंग एवढा खर्चा करून शिकली कशाला?"

कामावरची माणसं तुम्हाला आवडली असती. आमची साहेबीण हेलन, उंच, पांढऱ्या केसांची. आकडेमोडीत पक्की आणि आपला चष्मा डोक्यावर ठेवून ऑफिसभर शोधणारी. दुसरी हमदी, सोमालियाची, माझ्याच वयाची, जिभेला हाड नाही. एकेका बाईच्या घरी पाच मिनिटांचं काम असलं तरी हमदी तासाभरानं बाहेर यायची, आणि त्या घरातल्या सुनेचं माहेर, नणंदेचं लग्न सगळं घेऊन यायची. मला वाटायचं, ही कामचुकार आहे. मी आपली नियमानं वागणारी. आणि पहिल्याच दिवशी दिलेल्या नियमांत एक नियम होता: लोकांच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही. त्यांच्यावर भार पडू नये म्हणून. मला तो नियम फार आवडला. माझ्याजवळ अण्णांचा गिलास होताच, पाण्याची बाटली सोबत ठेवली की झालं.

माझ्या वाट्याला आलेल्या गल्लीत बहुतेक घरं पाकिस्तानातल्या मीरपूरकडच्या लोकांची. नसीम खाला, सगळ्यांची मावशी, त्या गल्लीची थोरली. लग्न होऊन कोवळ्या वयात इथं आलेली, आता नातवंडांत रमलेली. तिची सून रुबिना आणि रुबिनाचा गुबगुबीत मुलगा आमच्या कामात होते. मी पहिल्यांदा गेले आणि जालन्याच्या बाजारात बोलतो तसं बोलले, "मेरेकू जरा बच्चे का वजन करना है," तर खालानं ओढणी तोंडाला लावली. "यह कौन सी उर्दू है, बेटी?" मी म्हणाले, "हमारे उधर की." तेव्हापासून ती मला दर खेपेला एक वाक्य बोलायला लावायची आणि पोट धरून हसायची. आपल्या 'नक्को' आणि 'हौ'नं त्या घरात जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या पदवीनं कुणाला झाला नसेल.

मग तो उन्हाळ्याचा दिवस. त्यांच्याकडं उन्हाळा म्हणजे आपला माघ, पण मी चालून चालून दमले होते. खालानं पाण्याचा पेला पुढं केला. मी हसून मान हलवली, "नक्को खाला," म्हणाले, पर्समधून गिलास काढला, बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि प्याले. खाला माझ्या हातातल्या गिलासाकडं बघत राहिली आणि तो पेला तसाच आत घेऊन गेली.

पुढच्या खेपेला रुबिनानं दार अर्धंच उघडलं. आम्हाला यात राहायचं नाही, म्हणाली. मग शेजारचं घर, मग समोरचं. महिन्याभरात ती गल्ली माझ्यासाठी बंद झाली. हेलन रागावली नाही, पण तिनं चष्मा डोळ्यांवर ठेवून माझ्याकडं बघितलं. एवढी मुलं मधूनच गेली तर आजवरचं काम वाया जाणार होतं, आणि माझी नेमणूक पुढं वाढवायची की नाही हेही त्याच सुमारास ठरायचं होतं. मी चरफडत राहिले. काय केलं मी यांचं?

शेवटी हमदी रुबिनाला भेटून आली. ती म्हणाली, अगं, त्या घरात म्हणतात, ही पोरगी आपल्या हातचं पाणी पीत नाही, भांडं घरून आणते, आपल्याला नापाक समजते. आणि वर हमदी म्हणाली, तो नियम पाळणारी आख्ख्या ऑफिसात तू एकटीच आहेस. आम्ही सगळे चहा पितो. हेलन तर गुलाबजाम डब्यात भरून आणते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला म्हणता? शिवाशिव, मी? जिच्या बापानं जन्मभर ओंजळी पुढं केल्या, तिला? मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण कुणाला सांगणार? त्या देशात मी फक्त 'इंडियातली' होते. बाकीचं कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगते, विचारलं नाही याचं मला बरंच वाटत होतं. ते ओझं बदनापूरच्या फलाटावर राहिलं अशी माझी समजूत होती.

अण्णांना फोन लावला आणि घडाघडा सगळं सांगितलं. वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे, लोक असेच. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"तू मुसलमानाच्या घरी गिलास काढला?"

"हो, अण्णा. नियम होता."

"केदारखेड्याला शेखचाचाच्या घरी मी कधी काढला का? आठव बरं."

मला आठवलं. शाळेला सुट्टी असली की मी सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून अण्णांसोबत जायची. शेखचाचा पिंजारी होते, गाद्या-रजया भरायचे. त्यांच्या घरी गेलं की अण्णा पिशवी दाराशीच टेकवायचे आणि चाचीनं दिलेला चहा त्यांच्याच बशीत ओतून फुर्रकन प्यायचे. गिलास पिशवीत. मला मेलीला गिलास तेवढा ध्यानात राहिला होता.

"गिलास कुठं काढायचा ते कळत असंल तरच संग ठेवावा," अण्णा म्हणाले. "आता जा आन् सांग त्या बाईला, हा कुणाचा हाये ते. लाजू नको. लाज वाटायची ती वतणाऱ्याला वाटू दे, आपल्याला कशापाई?"

रविवारी मी धपाटे केले, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. ऑफिसची बॅग घेतली नाही. दार रुबिनानंच उघडलं आणि ती काही बोलायच्या आत आतून खालाचा आवाज आला, "कौन है?"

"मैं हूँ, खाला. काम कू नहीं आई. पानी पीने कू आई."

या वेळी माझ्या भाषेला कुणी हसलं नाही. खालानं मला बसायला सांगितलं. मी गिलास तिच्यापुढं ठेवला आणि माझ्या त्या वेड्यावाकड्या उर्दूत अण्णांची सगळी गोष्ट सांगितली. सायकल, भिंतीवरच्या तारखा, कोनाड्यातला कप, ओंजळ. शेखचाचांची बशीही सांगितली. आमच्या घराबाहेर ही गोष्ट मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. 

खाला गिलास हातात फिरवत होती. मग म्हणाली, "हमारे दादा के यहाँ एक लालाजी आते थे. बैठते थे, हँसते थे, मगर लोटा अपना लाते थे. हमारे कुएँ का पानी नहीं पीते थे. दादा मरते दम तक वह लोटा नहीं भूले." तिनं माझ्याकडं बघितलं. "मैं समझी, तू उन में से है."

"मैं दूसरे तरफ की हूँ, खाला."

ती उठली. स्वयंपाकघरातल्या नळावर गिलास भरला, दारातच उभं राहून निम्मा आपण प्याली आणि उरलेला निम्मा माझ्या हातात दिला. मी प्याले. नंतर मी इतकी रडले की रुबिनाचं बाळ घाबरून माझ्यासोबत रडायला लागलं, आणि मग खालाला आम्हा दोघांनाही गप्प करावं लागलं.

निघताना मी गिलास पर्समध्ये ठेवायला लागले तर तिनं हातातून काढून घेतला. "यह यहीं रहेगा. अब्बा को बोलना, नसीम ने रख लिया."

गल्लीतली दारं पुन्हा उघडली, काही लगेच, काही हळूहळू. ऑफिसचा तो नियम हेलननं काढला नाही, पण त्याबद्दल ती आता काही बोलतही नाही. मी प्रत्येक घरी चहा पिते. पित्तानं हैराण आहे.

माझ्यासारखं गाव सोडून गेलेले पुष्कळ जण मला विचारतात, तुला आपल्या गावची आठवण येत नाही का. येते ना. बदनापूरच्या फलाटावरची उतरती उन्हं आठवतात, आईचा भांडी आदळायचा आवाज आठवतो. पण गाव म्हटलं की मला ते कोनाडेही आठवतात, आणि ते विसरून नुसते गोडवे गायला मला जमत नाही. पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथं आपलं असं भांडं असतं ते. आता तसं वाटत नाही.

परवा खालाकडं गेले होते. नळ दुरुस्त करायला आलेला पोलंडचा माणूस ओट्याशी उभा राहून अण्णांच्या गिलासात चहा पीत होता. मला मिळाला फुटबॉलच्या कुठल्याशा संघाचा, कान तुटलेला मग. त्यात माझ्या आधी बाळानं बिस्किट बुडवलेलं होतं.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हंजे आता गिलास कोण वापरून राह्यलं?"

"कुणीबी, अण्णा. ज्याच्या हाताला लागंल तो."

अण्णा हसले. "मंग बराबर पोचला," म्हणाले.