दीड महिन्याचं शुद्ध मराठी

आमच्या घरात दीड महिना शुद्ध मराठी बोललं गेलं, आणि त्याचा पहिला फटका म्हशीला बसला.

आधी घरातली माणसं सांगतो. मी लोणखेड्याला राहतो आणि शहाद्याच्या एका शाळेत मराठी शिकवतो. घरात बायको मनीषा, माझे वडील म्हणजे आबा, आणि पाच वर्षांचा तेजू. तेजूला ऑटिझम आहे. तो बोलत नव्हता. काही हवं असलं की आमचा हात मनगटाशी धरायचा आणि त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा, तेही आमच्या तोंडाकडे न बघता. माझा हात केळ्यांच्या घडावर, मनीषाचा पाण्याच्या माठावर. आमची गरज काय ती मनगटापुरती! आम्ही हसण्यावारी न्यायचो. पण एकदा भाकरी थापता थापता मनीषाने विचारलं, "हा आपल्याशी कधी बोलेल का हो?" मी म्हणालो, तव्यावरची भाकरी करपेल. (आणि मी भाषेचा शिक्षक.)

मग आम्ही शहाद्याला बिहेवियर थेरपीच्या मॅडमकडे जायला लागलो. त्यांची पद्धत ऐकायला सोपी. तेजूला आवडतं ते समोर धरायचं, त्याचा शब्द एकदाच म्हणायचा आणि गप्प बसून वाट बघायची. त्याने ओठ हलवले, आवाज काढला, नुसतं वर बघितलं, तरी ते मागणं समजायचं. "आणि मागितलं की लगेच द्यायचं," मॅडम म्हणाल्या. "सांगितलं की मिळतं, हे त्याला पटलं पाहिजे." आम्ही चप्पल घालत होतो तेव्हा त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं, "आणि हो, घरात सगळ्यांनी एकच भाषा ठेवा."

इथे घोळ झाला. आमच्या घरात अहिराणी चालते. 'पाहिजे'ला आम्ही 'जोयजे' म्हणतो. शाळेतलं मराठी मी खडूबरोबर शाळेतच ठेवून यायचो. पण 'एकच भाषा' हे शब्द मराठीच्या शिक्षकाने ऐकल्यावर ती भाषा कोणती, हे विचारायची गरजच काय? रस्त्यातच मी मनीषाला सांगून टाकलं की आजपासून घरात फक्त प्रमाण मराठी. ती म्हणाली, अहो, मॅडमना एकदा विचारून घ्या ना. मी म्हणालो, यात विचारायचं काय!

खरी पंचाईत आबांची झाली. आबांचा जन्म शेतात गेला. शुद्ध मराठी त्यांच्या कानावर पडलं ते फक्त तहसील कचेरीत, त्यामुळे त्यांच्या लेखी शुद्ध मराठी म्हणजे सरकारी नोटीस. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुधाचा पेला घेऊन तेजूसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "तेजस, सदर दूध त्वरित पिऊन घेण्यात यावं." तेजूने पेल्याकडे बघितलं नाही. मला मात्र भरून आलं, म्हातारा या वयात एवढं करतोय म्हणून. झोक्यावर बसवलं की, "सदर मुलास झोका देण्यात येत आहे." सवय लागावी म्हणून ते गोठ्यातही तसंच बोलायला लागले आणि दोन दिवसांत म्हशीने पान्हा चोरला. जिला आयुष्यभर लाडाने शिव्या घातल्या, तिला अचानक "आपण" म्हटल्यावर दुसरं काय होणार!

विरजण मागायला शेजारची वहिनी आली. मी म्हणालो, "यावे, बसावे." ती बसली नाही. विरजण न घेताच गेली आणि आम्ही पुण्याला बदली करून चाललोय, असं गल्लीभर सांगून आली.

मी मात्र जोरात होतो. मॅडमनी एकच शब्द म्हणायला सांगितला होता, मी पूर्ण वाक्यं घ्यायला लागलो. केळं हातात धरून म्हणायचो, "तेजस, हे केळे आहे. केळे हे एक पौष्टिक फळ आहे. तुला केळे हवे आहे काय?" माझं प्रश्नचिन्ह येईपर्यंत तेजू अंगणात पोचलेला असायचा. मी केळं घेऊन मागे. शेवटी झोक्याशेजारी बसलेले आबा कंटाळून म्हणायचे, "ऱ्हाऊ दे रे भो." हे अहिराणीत म्हटल्याबद्दल मी फुगायचो आणि तरातरा आत निघून जायचो. रोजचा हाच कार्यक्रम.

हळूहळू घर मुकं झालं. मनीषा खुणांनी बोलायला लागली. आबा जेवणाला घरात आणि केळ्याच्या वेळी झोक्याशेजारी, बाकी वेळ गोठ्यात. तेजूही त्यांच्या मागे गोठ्यात जाऊन बसायचा. पूर्वी आबांनी "जोयजे का?" म्हटलं की तो झोक्यावरून वर तरी बघायचा, आता माझ्यासमोर तेवढंही नाही. एके दिवशी मनीषाने स्पष्टच विचारलं, "होतं तेही गेलं तर?"

महिना-दीड महिन्याने मॅडम घरी बघायला आल्या. म्हणाल्या, घरी कसं करता ते दाखवा. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. झोक्यावर तेजू, शेजारी आबा, दारात मनीषा. मी केळं धरलं आणि सुरुवात केली, "तेजस, हे केळे आहे. केळे हे एक पौष्टिक..."

तेजू झोक्यावरून उतरला. माझ्यासमोर आला. माझा हात धरेल म्हणून मी मनगट पुढे केलं. त्याने ते बाजूला सारलं, स्वतःचा चिमुकला तळवा माझ्या तोंडावर ठेवला, थेट माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला,

"ऱ्हाऊ दे."

पाच वर्षं ज्या आवाजाची वाट बघितली तो आवाज, स्वच्छ, आणि हुबेहूब आबांच्या हेलात! मी आनंदाने तोंड उघडणार, तोच मॅडमनी दटावलं, "बोलू नका. त्याने मागितलंय. लगेच द्या." मी गप्प बसलो. तेजूने माझ्या हातातलं केळं काढून घेतलं आणि शांतपणे सोलायला लागला. मनीषा दाराची चौकट धरून रडत होती, हसतही होती.

आबा घाबरले. आपलीच चोरी पकडली गेली, असं त्यांना वाटलं. "मी त्यासंगे नई बोलनू," ते मॅडमना सांगायला लागले. "मी गोठामा म्हैससंगे हळूच बोलनू. तो ऐके, त्यामा मन्हा काय गुन्हा?"

मॅडमना काहीच कळेना. मग मी शुद्ध मराठीचा सगळा कारभार सांगितला, आबांच्या रोजच्या 'ऱ्हाऊ दे'सकट. त्यांनी कपाळावर हात मारला. "सर, एकच भाषा म्हणजे सगळ्यांनी एका वस्तूला एकच शब्द वापरा. तुमच्या घरातला. जोयजे तर सगळ्यांनी जोयजे. तुम्ही त्याच्या कानातली भाषाच काढून घेतलीत की."

मी विचारलं, मग हा शब्द कसा काय आला? तर म्हणाल्या, आबांनी तो म्हटला की रोज लगेच बक्षीस मिळत होतं, ते हा बघत होता. मी म्हणालो, कसलं बक्षीस? मी तर काहीच देत नव्हतो.

"तुम्ही बोलायचे थांबत होतात ना," मॅडम म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी घरात अहिराणी परत आली. आबांनी म्हशीला मोठ्याने, पोटभर शिव्या घातल्या आणि तिने बादली भरली. पुढे 'जोयजे' आला, 'पानी' आला. आणि एकदा भाकरी करताना मनीषाच्या पाठीला चिकटून 'आई' आलं, तेव्हा तव्यावरची भाकरी करपली आणि आम्ही ती तशीच, वाटून घेऊन खाल्ली. तेवढी गोड भाकरी मी जन्मात खाल्ली नाही. मॅडमचे, आबांचे आणि त्या म्हशीचेही उपकार मी विसरणार नाही.

अजूनही तेजूला थोडेच शब्द येतात. पण प्रत्येक शब्द कामाचा. आत्ता हे लिहिलेलं घरात सगळ्यांना वाचून दाखवत होतो. शेवटी थेरपी, मातृभाषा आणि पालकांची भूमिका यावर दोन पानं मजकूर होता, मेहनतीने लिहिलेला. पहिलं वाक्य वाचलं आणि तोंडावर तो ओळखीचा तळवा आला.

"ऱ्हाऊ दे."

मागितलं की लगेच द्यायचं. दिलं.