ओडीलची बाजू

रेआल मिशो रोज सकाळी माझ्या हॉटेलात नाश्त्याला येतो, आणि लोक बघतात ते ओडीलकडे. ओडील म्हणजे माकडीण. हातभर उंचीची, पांढऱ्या तोंडाची, म्हणजे बघणारच. पण माझं म्हणणं एवढंच, की तिला बघून झालं की माणसाकडेही बघावं. ते कुणाला सुचत नाही. मी कॉफी ओतायला गेले की शेजारच्या टेबलावरून मला विचारतात, "त्याला साखर लागते का हो?" अहो, त्याला विचारा की. मान मोडली आहे त्याची, जीभ नाही.

रेआल लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. साखळी सोडताना वरचा ओंडका घसरला आणि मानेवर आला. गळ्याखालचं सगळं गेलं, तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत. श्वासही निम्माच राहिला, त्यामुळे बोलणं पुटपुटल्यासारखं. घरी दिवसभर बघायला कुणी नाही, म्हणून पहिली दोन वर्षं त्याला चर्चमागच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवलं होतं. तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता. मग अशी माकडं शिकवून तयार करणाऱ्या एका संस्थेने ओडील दिली आणि तो घरी परतला. सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन त्याचं उठवणं, आंघोळ-कपडे करते. मधला सगळा दिवस ओडीलचा. तो तोंडात धरलेल्या लेझरने लाल ठिपका पाडतो आणि ठिपका जिथे पडेल ते ती आणते. चष्मा घसरला की वर करते, पेला धरते, फोनचं बटण दाबते, आणि हे सगळं कुरकुरत. त्याची मावशी अशीच कुरकुरत सगळ्यांचं करायची, म्हणून मावशीचंच नाव ठेवलं.

ओडील नसली तर परत आश्रमात जायचं, हे सरकारी बाईने त्याला स्वच्छ सांगून ठेवलं आहे. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ओडील ज्याला खुपते तो ओमेर डेगल. बटाट्याची मोठी शेती आहे, आणि खिडकीजवळची खुर्ची जणू त्याच्या बापाचीच. "बेर्नादेत, इथे माणसं जेवतात की सर्कस भरते?" हे त्याचं रोजचं. टाऊन ऑफिसात तक्रारही करून आला. कायद्याने अपंगाच्या मदतीला हॉटेलात कुत्रा चालतो, फार तर छोटं घोडं चालतं, माकड चालत नाही, हे त्याचं खरंच होतं.

मी म्हटलं, "ओडील रुमालाने तोंड पुसते, ओमेर. तू बाहीला पुसतोस. बोल, कुणाला काढू?"

ओमेरने बाही टेबलाखाली घेतली.

त्या फेब्रुवारीत बर्फावरच्या गाड्या घेऊन मॅसॅच्युसेट्सचं एक जोडपं आलं. बाईचं जाकीट लालभडक. आल्या आल्या तिला ओडील दिसली आणि ती हरखूनच गेली. मी तव्यावर प्लोय घालत होते, आमच्याकडची जाळीदार धिरडी. ओडील रेआलच्या मांडीवर उभी राहून त्याचा चष्मा नाकावर बसवत होती. बाई मागून आली आणि फोटोसाठी सरळ तिला कमरेत धरून उचलायला लागली. रेआल "नको, हात नका लावू" म्हणाला ते मला तव्यापाशी ऐकू आलं, म्हणजे तिला ऐकू आलंच असणार. पण खुर्चीतलं माणूस बोलतं हे तिच्या गावीच नव्हतं. ओडीलची साखळी खुर्चीला अडकवलेली. ती ताणली गेली, ओडील घाबरली आणि बाईच्या बोटाला चावली.

रक्त आलं. फार नाही, पण आलं.

नवरा ताडकन उठला. "चला, हॉस्पिटलात. आणि शेरीफला फोन करा कुणीतरी."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मागच्या हिवाळ्यात ओमेरच्या शेजाऱ्याने पाळलेला रॅकून एका पाहुण्याला चावला होता. कुत्रा चावला तर डॉक्टर सरकारात कळवतात, मग कुत्र्याला दहा दिवस बांधून ठेवतात आणि सोडून देतात. बाकी जनावराला ती सवलत नाही. ते पिसाळलेलं होतं का हे कळायला त्याचं डोकं कापून मेंदू तपासायला पाठवतात. रॅकूनला काही झालेलं नव्हतं, हे नंतर कळलं. ही गोष्ट हॉटेलातल्या प्रत्येकाला पाठ होती. सगळ्यांचे काटे-चमचे थांबले.

"बाईसाहेब," रेआल म्हणाला, "मी तुम्हाला सांगत होतो..."

नवऱ्याने त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "याला कळतंय का आपण काय बोलतोय ते?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळतं," मी म्हटलं.

"मग याचं माकड मोकाट का फिरतंय?"

"मोकाट नाही, बांधलेली आहे. तुमच्या बायकोने उचलली."

"मी नुसतं प्रेमाने..." बाई रडकुंडीला आली. बोटाला गुंडाळलेला रुमाल लाल होत चालला होता. नवऱ्याने फोन काढला आणि नंबर शोधायला लागला.

तेवढ्यात ओमेर खुर्ची सरकवून उठला. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा तेल ओतणार, आणि वर्षभराची हौस फेडून घेणार.

ओमेर बाईसमोर जाऊन उभा राहिला. "हॉस्पिटलात माकड चावलं म्हणालात, की संध्याकाळपर्यंत हिचं डोकं कापतील. तुम्हाला माहीत आहे का?"

"कापतील? का?"

"तपासायला. जिवंतपणी तपासता येत नाही म्हणतात."

बाईने नवऱ्याकडे बघितलं. त्याचं बोट फोनवर थांबलं.

"माझा कुत्रा बाहेर ट्रकमध्ये आहे," ओमेर म्हणाला. "तो चावला म्हणून सांगा. लस टोचलेली आहे, पट्ट्याला बिल्ला आहे. जखमेला औषध तेच देतील. दहा दिवस बांधून ठेवतील त्याला. ठेवू देत, तसाही तो उठत नाही कुठे."

"तुम्ही आम्हाला खोटं बोलायला सांगताय?" नवरा म्हणाला.

"हो."

मग एकेक जण बोलायला लागला. मीही बोलले. किती गुणी आहे म्हटलं, आजवर कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही म्हटलं. शाळेची बस चालवणारी लोरेट तर डोळे पुसत सांगायला लागली, "बघा ना, लेकरासारखी बिलगली आहे." ओडीलने रेआलच्या गळ्यात तोंड खुपसलं होतं. तिची पाठ धडधडताना दिसत होती. बाईने रुमाल उघडून बोट बघितलं, मग ओडीलकडे बघितलं. नवरा म्हणाला, "तू ठरव. बोट तुझं आहे." तिने रुमाल पुन्हा घट्ट गुंडाळला.

"कुत्रा," ती शेवटी म्हणाली. "कुत्राच चावला. नाव काय त्याचं?"

"कापितेन," ओमेर म्हणाला. "आणि चारच दात उरलेत हं त्याला. कुणी विचारलं तर पुढचे सांगा."

त्यांच्या गाड्या सुरू झाल्या तेव्हा कुठे आम्ही श्वास सोडला. मी धावत जाऊन ओडीलच्या पाठीवरून हात फिरवला. लोरेट आली, मागच्या टेबलावरचे आले. ओमेर स्वतःच्या बशीतला प्लोयचा तुकडा घेऊन वाकला. "घे, वाचलीस बये," म्हणाला. आम्ही सगळे खुर्चीभोवती इतके वाकलो होतो, की रेआलचं पुटपुटणं सगळ्यांना ऐकू आलं.

"बरं केलंत," तो म्हणाला. "आभार मानतो मी सगळ्यांचे."

"आभार कसले लेका," ओमेर म्हणाला. "मुकं जनावर ते."

"दोन वर्षं मी त्या आश्रमात होतो, ओमेर. भिंतीकडे तोंड करून ठेवायचे मला. तुम्ही सगळे दर रविवारी पलीकडे चर्चला यायचात. घंटा ऐकू यायची मला, तुमच्या ट्रकांची दारं वाजलेली कळायची." मध्ये थांबून त्याने श्वास घेतला. रागावलेला नव्हता. मीठ मागावं तसं बोलत होता. "तुमच्यापैकी आत कोण आलं होतं?"

लोरेट हातमोजे चाचपू लागली. रेआल पुढे म्हणाला,

"आत्ताही ओडील मरेल, एवढंच तुम्ही त्या बाईला सांगितलंत. मी कुठे जाईन, हे कुणी सांगितलं?"

मी एप्रनला हात पुसत राहिले. ते कोरडेच होते. ओमेरच्या बोटांतला तुकडा तसाच राहिला होता. ओडीलने हात लांब करून तो काढून घेतला आणि खाल्ला. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.