ताईची जन्मवेळ

कॉम्प्युटरच्या डिग्रीत काय शिकलीस असं कोणी विचारलं की मी सॉर्टिंग, सर्चिंग असं काहीबाही सांगून मोकळी होते. खरं जे शिकले ते थर्ड इयरला असताना, वाशीच्या एका दुकानात, आणि ते शिकले नसते तर फार बरं झालं असतं.

आमच्या दिवाळे गावात तेव्हा कॉम्प्युटर शिकणारी मी एकटीच. गावाला वाटायचं, हिला टीव्हीपासून लाइटबिलापर्यंत सगळं कळतं. माझी मोठी बहीण, ताई, दहावीनंतर आयबरोबर बेलापूरला मासळी घेऊन बसायची, म्हणून मी कॉलेजात होते. घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण मला माहीत होतं.

ताईला कोपरखैरण्याचं स्थळ आलं. मुलगा रबाळ्याला कंपनीत होता. एका हळदीत दोघांनी एकमेकांना बघितलं होतं, पसंती होती. ताई तेव्हा मासे साफ करतानाही गुणगुणायची, आणि मी चिडवलं की ओला हात माझ्या तोंडावर झटकायची. साखरपुड्याचं बोलणं निघालं आणि मुलाच्या मामांनी पत्रिका मागितली.

आमच्यात पत्रिका कोण बघतो? नावरास काढायची, भटजीनं मान हलवायची, झालं. अगदीच जुळत नसेल तर भटजी मुलीचं लग्नातलं नाव बदलून जुळवून द्यायचा. पण त्या वर्षांत वाशीला ‘कॉम्प्युटर पत्रिका, पाच मिनिटांत’ अशा पाट्या लागल्या होत्या, आणि तसली पत्रिका काढणं म्हणजे मोठेपणाचं काम. बाबा हौसेनं गेले.

दुकानदारानं जन्मवेळ विचारली. आयला विचाराल तर ती सांगणार, भरती लागली होती, होड्या परत येत होत्या. घरात घड्याळ कुठलं? बाबा म्हणाले, वेळ माहीत नाही, ती सोडून द्या. पण वेळेचा रकाना रिकामा ठेवला की प्रोग्राम पुढे सरकेचना. शेवटी बाबांनी सांगितलं, सकाळचे सहा टाका. प्रिंटर करकरला आणि कागद बाहेर आला. कडक मंगळ.

मला हे कळलं तेव्हा डोकंच फिरलं. रिकामा रकाना चालवून घ्यायचा नाही, हे आम्हालाही शिकवलेलं. मीसुद्धा प्रत्येक प्रोग्रामात ती तपासणी घालायचे आणि मार्क घ्यायचे. एखाद्याला खरंच माहीत नसेल तर त्यानं काय करायचं, हे ना सर बोलले ना आम्ही विचारलं. सर एवढंच म्हणायचे, कचरा आत घाला, कचराच बाहेर येणार.

कागद मामांकडे पोचला होता; त्यांचा नकार यायच्या आत मी हट्टानं त्यांना आणि बाबांना त्या दुकानात नेलं आणि स्वतः कीबोर्डवर बसले. सहा घातले, मंगळ आला. आठ घातले, मंगळ गेला. पुन्हा सहा, पुन्हा आला. म्हटलं, बघा मामा, वेळच अंदाजानं घातलीय, मग या कागदाला काय अर्थ आहे? परीक्षेतसुद्धा इतकं स्वच्छ उत्तर मी कधी लिहिलं नव्हतं. मनातल्या मनात मी जिंकले होते.

मामा स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते माझ्या बोटांकडे बघत होते. बाबांना म्हणाले, "तुमची पोर शिकलेली हाय. तिला पायजे तसा कागद ती काढंल. आमी इस्वास कुनावर ठेवायचा?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पहिल्या कागदावर त्यांनी कदाचित भटजीला विचारलं असतं, मंगळाची शांत करून विषय मिटला असता. आता आम्ही दुसरा कुठलाही कागद आणला तरी तो माझ्याच हातचा ठरणार होता. स्थळ मोडलं. ताईनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

डिग्री झाली, नोकरी लागली, आणि ताईला उरणकडचं एक स्थळ आलं. माणसं साधी होती. म्हणाली, आमी नावरासच बघतो, बाकी काय नको. माझ्या जिवात जीव आला. ताईनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि उभ्या उभ्या सांगितलं, "मला मंगळ हाय. आधीच सांगते."

पाहुणे चहा पिऊन गेले. मी तिच्यावर अक्षरशः ओरडले. ते खोटं आहे, तुला किती वेळा सांगितलं, दोन तास पुढे सरकवलं की तो जातो, तुला अक्कल आहे का नाही! मला राग आला होता आणि रडूही येत होतं. ताई शांतपणे कपबश्या गोळा करत होती.

"सहा खोटं, तर मग खरी वेळ सांग," ती म्हणाली. "नाय ना सांगता येत? मग मी गेले त्याच्या घरी, आनि उद्या त्याला काय झालं, तर मी कुनाचं तोंड बघू?"

ताईनं लग्न केलं नाही.