डिलाईल रोडची घरफोडी

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मोर्चा पांगवायला आम्ही डिलाईल रोडवर अश्रुधूर सोडला होता. तासाभराने एक गिरणी कामगार आपल्याच शेजाऱ्याची गचांडी धरून चौकीत आला. पाळी संपवून घरी पोचलो, तर हा माझ्या खोलीतून बाहेर पडत होता, अशी त्याची फिर्याद. चाळकऱ्यांनी आरोपीला आधीच चांगला चोपला होता.

"चोरी करायला घुसलो होतो," आरोपीने न विचारताच सांगितले. फटीतून पट्टी घालून आतली कडी उचकटली, हेही सांगून मोकळा झाला. गुन्ह्याच्या उद्देशाने दुसऱ्याच्या घरात शिरणे म्हणजे गृह-अतिक्रमण. कडी उचकटून शिरले की तीच घरफोडी. उद्देश सिद्ध करताना आमच्या नाकी नऊ येतात. इथे हा पठ्ठ्या तो आयता देत होता. खोटे कशाला बोलू, मी खूश झालो. बंदोबस्ताने जीव मेटाकुटीला आला होता.

पंचनाम्याला गेलो, तर दाराजवळच्या खिळ्यावर फिर्यादीचे मनगटी घड्याळ तसेच. त्याची बायको तोंडावर पदर घेऊन बसलेली, एका शब्दाने बोलेना. परत येऊन आरोपीला विचारले, काय चोरणार होतास? म्हणे भांडी. कोणती, ते सांगता येईना. शिक्षा झाली तर गिरणीतली नोकरी जाणार, गावी तोंड दाखवता येणार नाही, हे मी बजावले. तरी गडी हटेना.

जिना उतरताना शेजारची म्हातारी मला हळूच म्हणाली होती, "साहेब, चाळीत दिवसा दार कोण लावतं? बाईमाणूस मोरीत असेल तरच." खरेच होते. ते आठवले आणि मामला भलताच दिसू लागला. विनयभंगाचे कलम लावायचे मी जवळजवळ ठरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई स्वतः चौकीत आली. नवरा मागे उभा. खाली बघत ती म्हणाली, "अश्रुधूर आत येतो म्हणून मी दार-खिडकी लावून घेतली. कोळशाची शेगडी आतच पेटलेली. अंघोळ करताना भोवळ येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा अंगावर चादर होती, खिडकी उघडी होती. भावजींनी जीव वाचवला माझा. भीतीनं काल बोलले नाही."

अश्रुधूर आमचा होता. फिर्याद चुकीची होती, तसे लिहा, असे नवरा पुटपुटला. मी 'सी समरी'चा, म्हणजे गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचा, अहवाल तयार केला. बाईच्या जबाबात 'घरात बेशुद्ध' एवढेच लिहिले. मोरीचा उल्लेख केला नाही.

सोडताना त्याने खरे काय ते सांगितले: तांब्या पडल्याचा आवाज आला, हाकेला ओ मिळाली नाही, म्हणून कडी काढली. मी विचारले, इतके सरळ होते, तर खोटे का बोललास?

"त्या वहिनीला त्याच चाळीत राहायचंय, साहेब. मी तिला तशी पाहिली, हे लोकांच्या तोंडी जाण्यापेक्षा मी चोर झालेला बरा."

त्यानंतर कोणी न विचारता गुन्हा कबूल केला, की मी पेन खाली ठेवत असे आणि आधी विचारत असे, कोणाला वाचवतोयस?